तीस काड्या

दामिनीचा फोन आला बुधवारी रात्री.
"बाबा, तीस काड्या करून ठेवजो.
वीतभर लांब, करंगळीहून बारीक,
एका टोकाले अणी. आन् कुसळ नको बरं एकबी."
कशाला, ते मी विचारलं नाही.
उदबत्तीच्या असतील, पतंगाच्या असतील.
गिऱ्हाईक माप सांगतं, कारण सांगत नाही,
आम्हा बुरडांचा धंदाच तसा.

डेपोतला बांबू अर्धा ओला निघाला.
गाठी टाळून पेरं चिरली,
हिरवी साल सुरीनं खरवडली,
एकेक काडी गालावरून फिरवून पाहिली.
गालाला टोचत नाही ते कुठंच टोचत नाही.

रविवारी ती उतरली वडशाच्या गाडीतून
थर्माकोलचा डबा पोटाशी धरून,
आत जसं लेकरू निजलंय.
नागपुरात मॉलच्या फ्रीजरपाशी उभी राहते ती आठ तास,
मे महिन्यातही स्वेटर घालून.
डब्यात बर्फाचं झालेलं पाणी, पाण्यात पिशवी,
पिशवीत गुलाबी, गुळगुळीत, सारख्या मापाची बोटं.
"सॉसेज. याचे कॉर्न डॉग करू."
"डॉग म्हनजे कुत्रा न वं?" सुगंधानं पदर नाकाला लावला.
"कोंबडीच हाय, आई. नाव तसं हाय फक्त."
"मंग कोंबडीले कोंबडी म्हनाले काय झालं?"

मक्याचं पीठ, मैदा, एक अंडं, चिमूटभर सोडा.
स्टीलच्या पेल्यात पीठ ओतून
दामिनीनं काडीला टोचलेला पहिला बुडवला, तेलात सोडला,
आणि तो अंगावरचं सगळं काढून मोकळा झाला.
पीठ एकीकडे, बोट दुसरीकडे.
दुसराही तसाच. तिसऱ्याला तिचे डोळे भरले.
"सरक," सुगंधा म्हणाली.
जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक पुसून कोरडा केला,
कोरड्या पिठात लोळवला,
पेल्यात दोन मुठी बेसन घालून घोटलं
चमचा उभा राहीपर्यंत.
"भज्याले जे लागते तेच याले लागते.
नाव मोठं असलं म्हनून अंगाले पानी कसं चालन?"
कढई उथळ पडली, मग गंज ठेवला चुलीवर.
काडी धरून गोल फिरवायची, हळू,
जसा सुतळीला पीळ देतात.

वास गल्लीभर गेला.
हर्षल आला, मास्तरांची जुळी आली,
मडाव्यांचा सोनू धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन,
आणि पाटलांचा नातू, चप्पल न घालता.
जवसाची चटणी संपली, मग नुसतेच खाल्ले.

माझं सूप या गावातल्या प्रत्येक घरात आहे.
आत नेण्याआधी त्यावर पाणी शिंपडलेलं
मी पाहिलंय, बापाच्या मागं उभा राहून, लहान होतो तेव्हा.
आता कोणी शिंपडत नाही. निदान माझ्यासमोर नाही.
आणि हा पाटलांचा नातू
संपल्यावरही काडी सोडेना.
चिकटलेला खरपूस चुरा दातांनी काढत होता,
मग चोखत होता नुसती काडी,
नुसता माझा बांबू.
मी बघत राहिलो. बोलण्यासारखं काय होतं?
पोरं खात होती.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं ती गेली,
रिकामा डबा काखेत.
सुगंधानं काड्या राखेनं घासून सुपात वाळत घातल्या.
सत्तावीस. दोन जळाल्या,
एक त्या नातवानं घरी नेली.

दामिनीची दोन बोटं तेलाच्या वाफेनं पोळली होती.
सांगितलं नाही तिनं. निघताना डबा उचलला
तेव्हा दिसली.
काड्या आखूड पडल्या.
वीतभर म्हणजे कुणाची वीत,
हे मी विचारायला हवं होतं.
मी तिचीच धरली होती,
ती सातवीत असतानाची,
माझ्याशेजारी बसून सूप विणायला शिकायची तेव्हाची.